पाय 26.1 सेमी, चवडा रुंद: ऑनलाइन बूट घेताना 8 धरायचा की 9?

तालुकावासी:

रोज सकाळी पाच किलोमीटर चालायला बूट हवेत. निम्मा रस्ता डांबरी, निम्मा कालव्याकडेचा मुरूम. वजन 78 किलो, बजेट 3,000 रुपयांपर्यंत. इथल्या दुकानांत रुंद पायाचं काही मिळत नाही, म्हणून ऑनलाइनशिवाय पर्याय नाही.

एका ब्रँडचा 8 मागवला तर करंगळी दाबली जाते, त्याच मॉडेलचा 9 मागवला तर टाच उचलली जाते. दोन्ही परत गेले. कागदावर पाय ठेवून मापं घेतली आहेत: लांबी 26.1 सेमी (टाच भिंतीला लावून), चवड्याची रुंदी 10.8 सेमी (पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारून). साइटवरच्या तक्त्यांत एकाच 8 नंबरपुढे कुठे 26.5 सेमी लिहिलंय, कुठे 27. कुठे युरोपियन 42, कुठे 42.5. नक्की काय धरायचं? साडेआठ घेतला तर भागेल का? आणि 60 टक्के सूट असलेल्या जोड्या घ्याव्यात की त्यात काही गोम असते?

कलबूत:

साडेआठाने भागणार नाही. तुमची अडचण लांबीची नाहीच, रुंदीची आहे, आणि ती तुम्ही लांबी वाढवून सोडवू पाहताय.

आपल्याकडे चालतो तो नंबर ब्रिटिश मोजणीचा. त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, 8.5 मिमी. अर्ध्या नंबरला 4.2 मिमी. पण 8 वरून 9 वर गेलात तर चवड्याची रुंदी वाढते जेमतेम दोन-अडीच मिमी. म्हणजे करंगळीला कणभर जागा मिळते आणि टाचेमागे बोटभर पोकळी होते. तुमचं नेमकं तेच झालंय.

बूट ज्या साच्यावर बांधतात त्याला कलबूत म्हणतात. नंबर कलबुताच्या लांबीवरून येतो, पायाच्या लांबीवरून नाही. हिशोब असा: कलबुताची लांबी इंचात, गुणिले तीन, वजा पंचवीस. तुमचा पाय 26.1 सेमी. बोटांपुढे मोकळी जागा दीड सेमी धरली (बंद बुटाला साधारण एवढी लागते) तर 27.6 सेमी, म्हणजे 10.87 इंच. त्याची तिप्पट 32.6, त्यातून 25 गेले की उरतात 7.6. म्हणजे साडेसात किंवा आठ. नऊचा इथे संबंधच येत नाही.

तक्ते वेगळे दिसतात कारण प्रत्येक कंपनी आपल्या कलबुतावरून ते बनवते. आदिदासच्या तक्त्यात ब्रिटिश 8 म्हणजे अमेरिकन 8.5, युरोपियन 42, 26.5 सेमी. नायकीच्या तक्त्यात ब्रिटिश 8 म्हणजे अमेरिकन 9, युरोपियन 42.5, 27 सेमी. आकडा एकच, बूट अर्ध्या सेंटिमीटरने वेगळा. युरोपियन नंबरची पायरी 6.67 मिमीची, ब्रिटिश नंबरची 8.47 मिमीची, त्यामुळे हे दोन तक्ते एकमेकांवर कधीच चपखल बसत नाहीत, कुठेतरी ओढून-ताणून जुळवलेले असतात. तेव्हा नंबर सोडा आणि सेंटिमीटरचा रकाना बघा (तो बहुतेक पायाच्या लांबीचा असतो, कलबुताच्या नाही). तोही त्या ब्रँडच्या स्वतःच्या साइटवरचा. विक्रीच्या मोठ्या साइटवर कपड्यांपासून चपलांपर्यंत एकच सरधोपट तक्ता चिकटवलेला असतो, त्यावर जाऊ नका.

आता तुमच्या 10.8 बद्दल मला शंका आहे. पेन्सिल उभी धरून रेघ मारली असेल तर पेन्सिलीचं अंग पायाला टेकतं आणि टोक पायापासून साडेतीन मिमी लांब राहतं, कारण पेन्सिल सात मिमी जाड असते. दोन्ही बाजूंचे मिळून सात मिमी फुकटचे वाढतात. आणि पेन्सिल आत कलली असेल तर उलट, माप कमी येतं. रेघ मारून रुंदी काढणं सोडाच. दोन जाड पुस्तकं घ्या. फरशीवर उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार. एक पुस्तक अंगठ्याच्या मुळाच्या हाडाला, दुसरं करंगळीच्या मुळाला टेकवा, समांतर. पाय काढा आणि पुस्तकांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. शिंप्याची टेप नको, ती ताणली जाते. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय फुगतो. जे मोजे घालून चालणार तेच घाला. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तसं असेल तर लांबी त्या बोटापर्यंत.

मग इथे आकडे टाका, पुढे बोलू.

फेसाळ:

कलबूत यांनी मापाचं सांगितलंय, मी सोलचं सांगतो. ऑनलाइन माणूस रंग बघतो आणि सोलची ओळ वाचतच नाही.

वर्णनात जे शब्द येतात ते असे. ईव्हीए म्हणजे हलका फोम. फायलॉन म्हणजे तोच ईव्हीए, दाब-उष्णतेने साच्यात घट्ट केलेला. साध्या ईव्हीएपेक्षा टिकतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, जड पण दाबून बसत नाही. टीपीआर म्हणजे रबरासारखं प्लॅस्टिक, पकड बरी. पीव्हीसी स्वस्त, जड, थंडीत कडक आणि ओल्या फरशीवर घसरडं. 'एअरमिक्स' असं लिहिलेलं दिसलं की हवा भरलेलं काही भारी असावं असं वाटतं. ते फेस आणलेलं पीव्हीसी असतं. घरगुती चपलेला ठीक आहे, रोज पाच किलोमीटरला नाही.

78 किलो आणि डांबर-मुरूम म्हटल्यावर मधला थर फायलॉन आणि खाली रबराचा थर असलेला बूट बघा. हे ओळखायला तळाचा फोटो मोठा करून बघायचा. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आणि चवड्याखाली वेगळ्या रंगाचे, थोडे चकचकीत रबराचे तुकडे चिकटवलेले दिसले पाहिजेत. सगळा तळ एकाच रंगाचा, मऊसर, बारीक छिद्रांचा दिसत असेल तर तो उघडा फोम आहे. मुरमावर तो काही महिन्यांत टाचेच्या बाहेरच्या बाजूने तिरका झिजतो, आणि मग पाऊल बाहेर कलायला लागतं. तळाचा फोटोच दिला नसेल तर पुढच्या जोडीकडे वळा.

'मेमरी फोम' या शब्दाला भुलू नका. तो आतल्या तळव्याचा तीन-चार मिमीचा थर असतो. पहिल्या दिवशी गादीसारखा वाटतो, मग अंगठ्याखाली आणि टाचेखाली खड्डा पडतो. धक्का सोसायचं काम मधल्या थराचं आहे, त्याचं नाही.

वरचा भाग विणलेला (निट) की जाळीचा (मेश), हेही बघा. विणलेला थोडा ताणतो, रुंद पायाला सोसतो. जाळीवर करंगळीच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी वितळवून चिकटवलेली असेल तर तो भाग कधीच सैल होत नाही, आणि चावतो तो तिथेच. फोटोत बाहेरच्या बाजूने, करंगळीपाशी, अशी पट्टी आहे का बघा. आठ नंबरने तुम्हाला दाबलं त्यात अशी पट्टी होती का, तेही आठवून सांगा.

जुना_साठा:

60 टक्के सुटीचं उत्तर देतो. सूट वाईट नसते, पण तिच्यामागचं कारण बघावं लागतं.

रंग जुना झाला, नवीन आवृत्ती आली, विचित्र नंबर उरले, या कारणांनी सूट असेल तर डोळे झाकून घ्या. धोका आहे तो गोदामात पडून राहिलेल्या पीयू सोलच्या बुटाचा. पॉलिएस्टर जातीचा पीयू हवेतल्या दमटपणाशी रासायनिक क्रिया करतो आणि हळूहळू तुटत जातो. वापरला नाही तरी. उलट वापरात नसलेला, खोक्यात बंद असलेला बूट जास्त लवकर जातो, कारण खोक्यात दमट हवा कोंडलेली असते. तीन-चार-पाच वर्षांनी वरून नवाकोरा दिसणारा बूट पायात घालून शंभर पावलं चाललं की सोलचे बुंदीसारखे कण पडतात. दमट कोकणात आणि मुंबईच्या गोदामांत हे आणखी लवकर. ट्रेकिंगच्या आणि ऑफिसच्या बुटांत हा पीयू जास्त असतो. ईव्हीएला हा रोग नाही, तो फक्त दाबून चपटा होतो.

उपाय सोपा आहे. खोक्यावरच्या लेबलवर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. खोकं हातात आल्यावर बूट बाहेर काढायच्या आधी ते वाचा. पीयूचा असेल आणि तारीख तीन वर्षांपलीकडची असेल तर परत. साइटवर तारीख दिसत नसेल तर 'विक्रेत्याला विचारा' मध्ये विचारून उत्तर लेखी घ्या. सोल अंगठ्याने दाबून बघा: नखाची खूण उमटून तशीच राहिली किंवा चिकट लागलं तर कूज सुरू झालीये. दुसरी खूण म्हणजे सोलच्या बाजूला केसासारख्या भेगा, बूट चवड्यात वाकवला की उघडणाऱ्या.

छापील किमतीवर जाऊ नका, ते आपण सगळे जाणतोच. त्यापेक्षा कामाची एक गोष्ट सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जोडीमागे 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर 18 टक्के. ही मर्यादा कर सोडून असलेल्या किमतीची. आता हिशोब करा: 2,599 चा बूट म्हणजे 2,475 चा माल. 2,999 चा बूट म्हणजे 2,541 चा माल. तुम्ही 400 रुपये जास्त मोजले आणि बूट मिळाला 66 रुपयांनी भारी. तुमचं बजेट 3,000 आहे तर 2,600 च्या आत शोधा, नाहीतर सरळ 3,500 च्या पुढे जा.

फेसाळ:

जुना_साठा, हिशोब आवडला. एक दुरुस्ती: जुन्या बुटात ईव्हीए कुजत नसला तरी डिंक कुजतो. सोल अख्खा, वरचा भाग अख्खा, आणि मधून तोंड उघडतं. असा बूट बाजारात सोल चिकटवणाऱ्याकडे पन्नास-शंभर रुपयांत नीट होतो, म्हणून मी त्याला धोका म्हणत नाही. पीयू कुजला की मात्र दुरुस्ती नाही, सोलच बदलावा लागतो. आणि ईव्हीएचा बूट उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने आखडू शकतो.

तालुकावासी:

पुस्तकं लावून मोजलं. डावा 26.1 आणि 10.2. उजवा 26.0 आणि 10.3. पेन्सिलीचं माप खरंच अर्ध्या सेंटिमीटरने फुगलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट लांब नाही. त्या 8 नंबरच्या बुटाला करंगळीपाशी चकाकती पट्टी होती, हेही बरोबर निघालं.

मग आता 2ई, 4ई वगैरे अक्षरं दिसतात ती बघायची का? आणि पिनकोड टाकला की बऱ्याच ठिकाणी 'एक्स्चेंज उपलब्ध नाही, फक्त परतावा' असं येतं. काही ठिकाणी तर परत न्यायलाच कोणी येत नाही. मग घालून बघायचं कसं?

कलबूत:

10.8 असते तर 4ई म्हणालो असतो. 26 सेमी लांबीला 10.2-10.3 म्हणजे थोडासा रुंद पाय. फार काही नाही. आपल्याकडे असेच जास्त. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, त्यातही भारतीय पाऊल जास्त रुंद निघालं. त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. तोवर आपण युरोपीय पायासाठी कोरलेल्या कलबुतात पाय कोंबतोय.

अक्षरांचं असं: पुरुषांच्या बुटात डी म्हणजे साधी रुंदी, 2ई रुंद, 4ई फार रुंद. बायकांच्या बुटात बी साधी आणि डी रुंद, म्हणजे एकाच डी अक्षराचा अर्थ दोघांकडे वेगळा. घरात बाईमाणसासाठी मागवताना इथे फसगत होते. न्यू बॅलन्स, असिक्स, ब्रूक्स अशा काही कंपन्या रुंदीप्रमाणे वेगळी जोडी काढतात. नावापुढे 'वाइड' किंवा 2ई लिहिलेलं असतं. पण त्या बहुतेक तुमच्या बजेटच्या वर जातील. तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, सवलतीत 2ई मिळाला तर 26.5 सेमी लिहिलेला. दोन, साध्या रुंदीचा पण विणलेल्या वरच्या भागाचा आणि पुढून गोल तोंडाचा, तोही 26.5 किंवा 27 सेमीचा. वरून काढलेला फोटो बघा: बुटाचं टोक अंगठ्याच्या बाजूला सरळ उतरून मग करंगळीकडे वळतं का, की मधोमध निमुळतं होतं? निमुळत्या तोंडाचा बूट तुम्हाला कोणत्याही नंबरात चावणार.

घालून बघायची सगळ्यात सोपी रीत: आतला तळवा (इनसोल) बाहेर काढा, फरशीवर ठेवा, त्यावर मोजे घालून उभे राहा. अंगठ्यापुढे साधारण दहा ते बारा मिमी जागा हवी. करंगळीची कड तळव्याच्या बाहेर दोन-तीन मिमीपर्यंत आली तर चालेल, त्याहून जास्त आली तर तो बूट अरुंद. तळवा चिकटवलेला असेल तर उपटू नका, फाटला तर परत घेत नाहीत.

परतीचा_पत्ता:

परत करण्याबद्दल मी लिहितो. 'आवडलं नाही, साइज बसली नाही' म्हणून परत करणं आणि 'माल खराब निघाला' म्हणून परत करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. साइज बसली नाही हे यात येत नाही. ते त्या दुकानाच्या धोरणावर. म्हणून मागवण्याआधी धोरण वाचायचं. किती दिवस? परतावा खात्यात की त्यांच्याच वॉलेटमध्ये? परत नेण्याचं भाडं कोणाचं? एकाच वस्तूच्या एकाच पानावर वेगवेगळे विक्रेते असतात आणि त्यांची धोरणंही वेगळी असतात. 'विक्रेता' या शब्दावर टिचकी मारून नाव, पत्ता बघा.

तुमच्या पिनकोडला परत न्यायला कोणी येत नसेल तर काही साइट 'स्वतः पाठवा' असा पर्याय देतात. तुम्ही स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती चढवायची की ठरावीक रक्कम मिळते. हा पर्याय आहे का, ऑर्डरच्या आधी विचारून त्या गप्पांचा स्क्रीनशॉट ठेवा. जवळच्या शहरातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवणं हा दुसरा मार्ग. तिथे उचलायला येतात.

'एक्स्चेंज नाही, फक्त परतावा' याचं दुखणं असं की सवलतीचा काळ संपतो आणि दुसरी साइज पूर्ण किमतीला घ्यावी लागते. दोन साइज एकदम मागवून एक परत करण्याचा उपाय बरेच जण करतात. चालतो, पण वारंवार परत करणाऱ्यांच्या खात्यावर काही साइट परत करण्याचं शुल्क लावतात किंवा रोखीचा पर्याय काढून घेतात. वर मापं दिलीयेत तेवढी नीट असतील तर याची गरज पडू नये.

पार्सल आल्यावरचा क्रम असा ठेवा. फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा. आधी पार्सलवरचं लेबल, मग फोडणं, मग खोक्यावरचं लेबल (नंबर, रंग, निर्मितीचा महिना), मग दोन्ही बूट. व्हिडिओ मधे थांबवायचा नाही. दोन्ही बुटांच्या जिभेच्या आत छोटं लेबल असतं. दोन्हीवरचा नंबर सारखाच आहे ना, ते बघा. डावा 8 आणि उजवा 9 अशी जोडी निघते, आणि ती आदल्या गिऱ्हाइकाने परत केलेल्या दोन जोड्यांच्या सरमिसळीतून आलेली असते. तळ स्वच्छ आहे ना, हेही व्हिडिओत घ्या. धुळीचा तळ म्हणजे कोणीतरी घालून परत केलेला.

घालून बघताना सतरंजीवर किंवा गादीवर चाला, उघड्या फरशीवर नाही. संध्याकाळी, दहा मिनिटं, घरातला स्वच्छ जिना दोनदा चढून-उतरून. उतरताना बोटं पुढे आपटली तर लहान, चढताना टाच सुटली तर मोठा. टॅग कापू नका, आतले कागद आणि नाडीची पिशवी जपून ठेवा. परत पाठवताना कुरिअरचं लेबल बुटाच्या खोक्यावर चिकटवू नका. खोकं हासुद्धा मालाचाच भाग धरतात. बाहेरून दुसरी पिशवी घाला.

बनावट माल आणि नकार, दोन्ही वाट्याला आले तर: आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा, असा नियम आहे. साइटच्या तळाशी त्याचं नाव असतं. तिथे दाद नाही लागली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता गुरुग्रामला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आणि फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिरातीतून उघडणाऱ्या 'गोदाम बंद, सगळे ब्रँड 799 ला' छापाच्या साइट. प्रत्येक मॉडेल, प्रत्येक नंबर 'उपलब्ध'. खऱ्या सेलमध्ये 8 आणि 9 नंबर आधी संपतात, 6 आणि 12 उरतात. पत्ता नाही, तक्रार अधिकारी नाही, फक्त आगाऊ यूपीआय आणि तेही कुणा व्यक्तीच्या नावाने. पैसे गेलेच तर त्याच दिवशी 1930 ला फोन. उशीर होईल तसा ते गोठवण्याचा संभव कमी होत जातो.

गाठ_मारा:

टाच उचलण्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. रुंद पायाला बऱ्याचदा पुढे मोकळा आणि मागे घट्ट असा बूट लागतो, आणि तो नाडीने करता येतो.

पुढे: चवड्यावरच्या पहिल्या दोन भोकांत नाडी फुलीसारखी ओवू नका. त्या दोन भोकांत ती सरळ आपापल्या बाजूने वर न्या आणि तिसऱ्या भोकापासून फुली सुरू करा. चवड्यावरचा आडवा ताण जातो, करंगळी मोकळी होते.

मागे: घोट्यापाशी सगळ्यात वर एक जादा भोक असतं, जरा मागे सरकलेलं. बहुतेक लोक ते रिकामं ठेवतात. नाडी खालच्या भोकातून बाहेर आली की त्याच बाजूच्या या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बोट जाईल एवढा फास बाहेर ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्यातून ओवा. टोकं आधी खाली, टाचेच्या दिशेने ओढा म्हणजे फास आवळतात, मग वर गाठ. टाच जागची हलत नाही. नाडी आखूड पडली तर 120 सेमीची मिळते ती घ्या, सहा-सात जोड भोकांना पुरते.

इतकं करूनही टाच सुटत असेल तर बूट मोठा आहे. मागे स्पंजच्या पट्ट्या चिकटवून काही होत नाही, त्या पाय पुढे ढकलतात आणि बोटं पुन्हा आपटतात.

तालुकावासी:

सगळ्यांचे आभार. विणलेल्या वरच्या भागाचा, गोल तोंडाचा, 27 सेमी लिहिलेला एक शॉर्टलिस्ट केलाय. फायलॉन, टाचेखाली रबर दिसतंय, 2,549 रुपये, 10 दिवसांत परत. मागवतो.

याच निमित्ताने एक: वडिलांना कोल्हापुरी हवी आहे आणि तीही ऑनलाइनच बघतोय. त्यांचा पाय 25.2 सेमी. 499 पासून 3,500 पर्यंत सगळ्याला 'अस्सल कोल्हापुरी' म्हटलंय. कसं ओळखायचं? साइज बुटासारखीच धरायची का?

कापशीकर:

नाही, बुटासारखी धरू नका. कोल्हापुरीला पुढे दीड सेमीची पोकळी लागत नाही. तळाची लांबी पायापेक्षा पाच ते आठ मिमी जास्त असली की झालं. म्हणजे वडिलांना 25.7 ते 26 सेमीचा तळ. विक्रेत्याला नंबर विचारू नका, 'तळाची आतली लांबी किती' असं विचारा आणि पट्टी लावलेला फोटो मागा. हाताने कापलेला तळ, त्यामुळे एकाच नंबराच्या दोन जोड्यांत चार-पाच मिमीचा फरक नेहमीचा. मोठी घ्याल तर पुढे कधीच बसणार नाही. तळ लांबीला वाढत नाही, पट्टा आणि अंगठा मात्र आठ-पंधरा दिवसांत सैल होतो. म्हणून नवी असताना पट्टा जरा घट्टच हवा. पहिले काही दिवस चावते, त्याला पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. घरात रोज तास-दोन तास, मग बाहेर.

499 ची कातड्याची नसते. वर्णन नीट वाचा: 'सिंथेटिक', 'व्हेगन लेदर', 'पीयू', 'फॉ लेदर' यातला एक शब्द कुठेतरी तळाशी सापडेल. फोटोत तळाची कड बघा. कातड्याच्या थरांची कड तंतूंची, थोडी खरबरीत दिसते आणि थर वेगळे ओळखू येतात. रेक्झिनची कड गुळगुळीत, आत पांढरं कापड किंवा पुठ्ठा. अस्सल जोडी कातड्याच्याच वादीने शिवलेली असते, खिळा नसतो. टाके एकसारखे यंत्रासारखे असतील तर ती हाताची नाही. कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असेल तर रंग फिक्या तपकिरीचा आणि वापराने गडद होत जाणारा. पहिल्या दिवसापासून चॉकलेटी-लाल एकसुरी चकाकी म्हणजे वरून फवारा.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. त्यामुळे अथणीची, बेळगाव जिल्ह्यातली जोडी आली तर ती नकली म्हणून परत करू नका, ती त्यातच बसते. आग्र्याहून किंवा दिल्लीहून पाठवलेली 'कोल्हापुरी' मात्र नावापुरती. विक्रेत्याचा पत्ता इथेच उपयोगी पडतो.

वडिलांचं वय बघता कानाची घ्या. बाजूचे कान रुंद असले की पाय इकडेतिकडे सरकत नाही. तळाला रबर लावून घ्यायचं का विचारा. नुसता कातडी तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो, आणि पातळ रबर इथेही कोणी लावून देईल. पावसाळ्यात घालायची नाही. भिजलीच तर सावलीत, उभी टेकवून वाळवा, मग तेल. उन्हात ठेवली तर तळ वर वळतो आणि पुन्हा सपाट होत नाही.

तालुकावासी:

अंगठा घट्ट आणि पट्टा बरोबर, असं झालं तर? वडिलांचा अंगठा जाड आहे.

कापशीकर:

मग मागवतानाच सांगा, अंगठ्याचा घेर दोऱ्याने मोजून. हाताने काम करणारा विक्रेता असेल तर अंगठा मोठा करून देतो, त्याला वेगळे पैसे फारसे पडत नाहीत. मात्र सांगून बनवलेली जोडी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा तळाची लांबी आधी पक्की करा. आलेल्या जोडीचा अंगठा घट्ट निघाला तर तेल लावून रात्रभर त्यात जाड मेणबत्ती किंवा लाटण्याची मूठ अडकवून ठेवा. कातडं दोन-तीन मिमी देतं. रेक्झिन देत नाही, शिवणीत फाटतं.

जुना_साठा:

2,549 म्हणजे 5 टक्क्यांत बसलात. खोकं आलं की निर्मितीचा महिना इथे टाका.